पांढरी गच्ची आणि पश्चिमेचा लिंब

परवा व्हिडिओ कॉलवर मी फोन घेऊन गच्चीवर गेले, तेव्हा तुम्ही दोघांनी एकदमच विचारलं, आजी, तिथं बर्फ पडला का? तुमच्या खिडकीबाहेर बर्फ होता म्हणून तुम्हाला तसं वाटलं. इथं उन्हात माझे डोळे दिपत होते. तो बर्फ नव्हे पोरांनो, चुना आहे. तो तिथं का आला, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मध्येच तुमचा आवाज तुटतो, तुमचे आजोबा मागून दुरुस्त्या सुचवतात, आणि गोष्टीचा क्रम बिघडतो. मला क्रम बिघडलेला आवडत नाही. म्हणून नीट पहिल्यापासून लिहिते.

आपल्या घराच्या पश्चिमेला लिंबाचं झाड आहे. तुम्ही लहान होतात तेव्हा त्याच्या निंबोळ्या वेचून दुकान मांडायचात, ते झाड. मुकुंदवाडीच्या या भागात आम्ही घर बांधलं तेव्हा भोवती नुसते मोकळे प्लॉट होते आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत इतकी तापायची की हात लावता येत नसे. त्या भिंतीसाठी मी ते झाड लावलं. शोभेसाठी नाही, पुण्य मिळावं म्हणून नाही, भिंतीसाठी. झाडानं त्याचं काम चोख केलं. पण गेल्या वर्षी तेच झाड तोडायची वेळ आली, आणि तोडायला निघालेले लोक कोणी परके नव्हते. एक तुमचे बाबा आणि दुसरे तुमचे आजोबा.

झालं असं की, त्याच्या आदल्या उन्हाळ्याचं विजेचं बिल आजोबांनी फोटो काढून तुमच्या बाबांना पाठवलं. आजोबांच्या खोलीतला एसी, हॉलमधला एसी, गीझर, जुना फ्रीज, सगळं मिळून ते बिल आम्हा दोघांच्या घराचं वाटतच नव्हतं, मंगल कार्यालयाचं वाटत होतं. बाबांनी तिकडूनच चौकशी केली आणि ठरवलं की गच्चीवर सोलर बसवायचं, पैसे मी देतो. मुलगा चांगला आहे. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट एका फोनमध्ये संपवायची असते.

माघ संपता संपता सोलरवाले साहेब आले. मध्यमवयीन, शांत, चपला दाराबाहेर काढणारे गृहस्थ होते. त्यांनी बिल पाहिलं, गच्ची मोजली, मग कितीतरी वेळ लिंबाकडे बघत उभे राहिले. तेव्हा पानगळ चालू होती, झाड अर्धं उघडं होतं. पण त्यांना ठाऊक होतं की चैत्रात ते पुन्हा भरणार. त्यांनी मला समजावून सांगितलं की एवढं बिल शून्यावर आणायचं तर पॅनलनी सगळी गच्ची भरावी लागेल, आणि दुपारनंतर निम्म्या गच्चीवर झाडाची सावली येते. एका पॅनलवर सावली आली तरी शेजारच्या पॅनलांचंही काम मंदावतं. म्हणजे झाड काढायचं, नाहीतर सोलरचा विचार सोडायचा.

त्याच दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "आई, झाड दुसरं लावता येतं. तुम्ही दोघं उन्हाळ्यात भाजून निघता, त्याचं काय?" त्यांचा जीव तुटत होता, हे मला कळत होतं. आजोबा शेजारी बसून मान डोलावत होते. मी त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? ते म्हणाले, लिंबाचा पाला झाडून झाडून तुझीच कंबर जाते, मग तुलाच का पुळका? आणि एसीशिवाय मला झोप येत नाही, हे तुला माहीत आहे.

मी बाबांना एवढंच म्हटलं, "मला एक उन्हाळा दे. मेचं बिल गेल्या मेच्या निम्म्यावर आलं नाही, तर मी स्वतः कुऱ्हाडवाल्याला बोलावीन."

बाबा हसले आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं, आई हरणारच आहे, मग भांडायचं कशाला.

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे काही योजना नव्हती. एक आठवण मात्र होती. माझं लहानपण लासूर स्टेशनला गेलं. वडिलांचं अडतीचं दुकान होतं, आणि घर होतं धाब्याचं, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर टाकलेलं. दरवर्षी उन्हाळा लागला की आई गाडीभर पांढरी माती मागवायची आणि धाब्यावर पसरून घ्यायची. ती पावसासाठी असते असं पुरुष मंडळी सांगत, पाणी झिरपू नये म्हणून. पण आई म्हणायची, वर पांढरं असलं की खाली गार असतं. मी शाळेसाठी इथल्या छावणी भागात मामांकडं राहायला आले. तिथं इंग्रजी शाळेत आम्हाला पांढरा आणि काळा रंग उष्णतेचं काय करतात ते पुस्तकातून शिकवलं, मी ते पाठ केलं आणि मार्क मिळवले. पण धाब्यावरच्या मातीशी त्याचा काही संबंध आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ते आलं आत्ता, या वयात, आपल्या काळवंडलेल्या सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवल्यावर.

मी चुना आणवला. पिंपात भिजवला, चष्मा आणि आजोबांचा जुना रेनकोट घालून ढवळला, आणि दोन दिवसांत रंगाऱ्याकडून गच्ची पांढरीशुभ्र करून घेतली. इतकी छान दिसत होती की मी शेजारच्या आपांना हाक मारून दाखवली.

आपांची तुम्हाला आठवण असेलच. भिंतीपलीकडच्या घरातल्या, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या. तुम्हाला ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवणाऱ्या. आपल्या गल्लीत सगळ्यात मोकळी गच्ची आपली, त्यामुळे पूर्वीपासून गल्लीचं वाळवण आपल्याकडेच होतं. होळी झाली की बायका पहाटे गव्हाचा चीक शिजवून कुरडयांचा सोऱ्या घेऊन वर येतात. दुपारपर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. आपांच्या सांडग्यांचीही एक चादर असते.

त्या वर्षीही त्या सगळ्या आल्या. आणि दुपारी उतरल्या तेव्हा जिन्यात, हॉलमध्ये, गल्लीभर, प्रत्येकीच्या दारापर्यंत पांढरी पावलं उमटली होती. नुसत्या पाण्यात कालवलेला चुना सिमेंटला धरत नाही, घासला की पीठ होतो. मातीच्या धाब्यावर कोणी वाळवण घालत नव्हतं, त्यामुळे आईला ही अडचण कधी आलीच नव्हती. लुगड्यांचे काठ पांढरे, पोरांची ढुंगणं पांढरी. वारा सुटला तेव्हा चुना उडून चादरींवरच्या कुरडयांवर बसला, तो वेगळाच. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, काकू, यंदा पापडखार घालायची गरज नाही, तुमच्याकडं वरूनच पडतोय. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून माझा धीर खचला. आजोबांनी पुढचे चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पावलांचा माग दाखवला.

आपा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बोटानं गच्ची घासून पाहिली आणि म्हणाल्या, "भाभी, गोंद नाय टाकला ना? आमच्या अब्बांच्या घरी चुन्याला गोंदाचं पाणी लागायचं. आणि धूप में नक्को, शामको लगाना." म्हणजे चुना उन्हात लावला की पाणी लगेच उडतं आणि थर सुटतो. तो संध्याकाळी लावायचा, पातळ लावायचा, आणि एक थर पुरता वाळला की मगच दुसरा.

आम्ही दोघींनी मिळून ते केलं. गोंद, म्हणजे डिंक, रात्रभर भिजत घातला, सकाळी गाळला, चुन्यात कालवला. रंगारी रोज संध्याकाळी येऊन एकच पातळ हात मारून जायचा. आपा त्यांच्या गच्चीतून देखरेख करायच्या आणि राहिलेली जागा काठीनं दाखवायच्या. यावेळी हात फिरवला तर हाताला काही लागलं नाही. खाली हॉलमधला पंखा पूर्वी दुपारी गरम हवा फेकायचा, तो आता ती फेकेनासा झाला. आजोबा एका दुपारी पंख्याखाली बसून बराच वेळ वर बघत होते.

पण एका गच्चीनं बिल निम्मं होत नाही. म्हणून घराची शिस्त लावली, आणि शिस्त लावणं हे मला शाळेपासून जमतं. सकाळी ऊन भिंतीवर चढलं की सगळ्या खिडक्या बंद, जाड पडदे खाली. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या उघड्या. ऐकायला सोपं वाटतं. पण इथं लोक नेमकं उलट करतात, दुपारी गुदमरतं म्हणून खिडकी उघडतात आणि सगळी लू घरात घेतात. आजोबा पहिले कित्येक दिवस चोरून खिडकी उघडायचे. मी विचारलं की म्हणायचे, कबुतर बघत होतो.

माळ्यावरचा जुना कूलर काढला. त्याचं गवत कुजलं होतं, त्या जागी वाळा बसवला. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी, तिला कूलर जितका मानवतो तितका दमट गावांना मानवत नाही. पाण्याचं आपल्या शहरात तुम्हाला माहीतच आहे, नळ येतो तो दिवस सणाचा. म्हणून कूलर फक्त ऐन दुपारी, आणि तोही ज्या खोलीत माणसं आहेत तिथंच. दोन माणसांनी दोन खोल्यांत दोन यंत्रं लावून झोपायचं, ही चैन बंद झाली. आजोबांना माझ्या खोलीत झोपावं लागलं. त्यांनी जाहीर केलं की मी घोरते. मी घोरत नाही.

फ्रीजच्या दारात एक कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला, तो अलगद बाहेर आला. म्हणजे दाराचं रबर सैल, आणि आतला गारवा कितीतरी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात सांडत होता. नवं रबर बसवलं. पंखे बदलले, कमी विजेवर चालणारे आणले. गीझरचं बटण गुढीपाडव्याला बंद केलं, कारण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपोआपच ऊन असतं, ते तापवणं म्हणजे वेडेपणा. भाताला एक शिटी झाली की कुकर उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचा, भात आपला आपण शिजतो. हे गोधडीचं आजोबांना पटलं नाही. एकदा पाहुण्यांसमोर ते म्हणाले, हिनं कुकरला पांघरूण घातलंय, मला मात्र नाही. त्यांचं बोलणं थांबेपर्यंत भात झाला होता.

आणि लिंबाला आमच्या आंघोळीचं पाणी मिळू लागलं. न्हाणीतून एक नळी काढून खोडापाशी सोडली. परवा फोनवर दिसली म्हणून तुम्ही विचारलेली निळी नळी तीच. चैत्रात झाडानं जी पालवी धरली, तशी मी आधी पाहिली नव्हती. दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर एवढी दाट सावली पडायची की त्या भिंतीला टेकून आपांची मांजर झोपायला यायची.

एसी मी बंद केला नव्हता, हेही सांगते. आजोबांच्या तब्येतीपुढं माझी पैज मोठी नव्हती. त्यांच्या खोलीतल्या एसीचा रिमोट माझ्या खोलीतही त्यांच्या उशाशीच असायचा. फारच झालं तर तिकडं जाऊन लावा, असं सांगितलं होतं. वैशाखातल्या एका भयंकर दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, मी स्वयंपाकघरातून आले तर ते रिमोट हातात घेऊन बसले होते. मला वाटलं, संपलं. त्यांनी रिमोट उलटा केला, सेल काढले आणि ते भिंतीवरच्या घड्याळात घातले. घड्याळ महिनाभर बंद होतं. मला म्हणाले, "वेळ तरी कळू दे. इकडं काय, गारच आहे."

त्या क्षणी मला कळलं की आपण जिंकतोय.

मेचं बिल जूनमध्ये आलं. आजोबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि गेल्या वर्षीच्या बिलाशेजारी ठेवलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. निम्म्यावर नव्हे, निम्म्याच्याही खाली. ते पाटबंधारे खात्यात होते, आकड्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत, म्हणून बाहेर जाऊन मीटरचं रीडिंग स्वतः ताडून आले. मग तुमच्या बाबांना फोन त्यांनीच लावला. मला बोलूच दिलं नाही. "अरे, आपण केलं," असं सांगत होते. आपण. खिडकी उघडून कबुतरं बघणारा माणूस म्हणत होता, आपण केलं.

बाबांनी दोन्ही बिलांचे आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, "आई, मानलं. झाडाला हात लावायचा नाही. पण सोलर राहिलं ना मग?"

तेही डोक्यात होतंच माझ्या. मी सोलरवाल्या साहेबांना पुन्हा बोलावलं. नवं बिल बघून त्यांनी हिशोब मांडला आणि स्वतःशीच हसले. विजेची गरज निम्म्याहून कमी झाली म्हणजे पॅनलही निम्म्याहून कमी लागणार. गच्ची भरायची गरजच उरली नाही, एका कडेला एक रांग पुरे. प्रश्न एवढाच होता की अशी कड कोणती, जिथं लिंबाची सावली दिवसभर येत नाही. ते म्हणाले, वर्षभर सावली कुठून कुठं फिरते ते मोजावं लागेल, त्याला वेळ जाईल.

भिंतीपलीकडून आपा ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "साब, कुरडई कुठं वाळती ते बघा ना."

साहेबांना कळलं नाही. मला मात्र लगेच कळलं, आणि इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर असून सुचलं नव्हतं याची गंमत वाटली. पापड लवकर वाळतात, ते कुठंही घातले तरी चालतात. कुरडईला मात्र सबंध दिवसाचं ऊन लागतं, नाहीतर तिला वास येतो. म्हणून गल्लीतल्या बायका कुरडयांच्या चादरी पहिल्यापासूनच पूर्वेच्या कठड्यालगत घालतात. तिथं घातली की दुपारनंतर ओढाओढ करावी लागत नाही, दिवेलागणीपर्यंत सावली पोचतच नाही. बाकीच्या गच्चीवर चादरी सरकवाव्या लागतात. आम्ही सगळ्या ते न बोलता करत आलो होतो. मी साहेबांना ती पट्टी दाखवली, कुठून कुठपर्यंत ते पावलांनी चालून दाखवलं. पुढं त्यांनी आपल्या यंत्रानं मोजणी केलीच, ते त्यांचं कामच आहे, आणि मोजणी त्या पट्टीवरच येऊन थांबली. ते म्हणाले, मॅडम, आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारीन, वाळवण कुठं घालता.

पॅनल पूर्वेला एका रांगेत बसले, थोडे उंच. आता कुरडयांचं काय, असा प्रश्न गल्लीत उभा राहिला. आपांनी तो सोडवला. त्यांनी स्वतःची गच्ची गोंदाच्या चुन्यानं पांढरी करून घेतली आणि यंदा सगळ्यांच्या कुरडया त्यांच्याकडं वाळल्या. कोणाच्याही दारापर्यंत पांढरं पाऊल उमटलं नाही. त्यानंतर कोपऱ्यावरच्या वहिनींनी चुना आणवला, मग समोरच्यांनी. संध्याकाळी आमच्या गच्चीवरून बघितलं की गल्लीत पांढरे चौकोन दिसतात. माझ्या आईचं धाबं एकटं होतं, इथं गल्लीच्या गल्ली पांढरी होत चालली आहे.

पॅनल मी स्वतः पुसते, सकाळी गार असताना, मऊ कुंच्यानं. चैत्रात लिंबाचा मोहर वाऱ्यानं उडून त्यांच्यावर सांडतो, तांदळाच्या कण्यांसारखा. तो झाडताना कंबर दुखते, हे आजोबांचं खरं आहे. पण आता पाला तेच झाडतात. आणि घरी कोणी आलं की चहाच्या आधी त्याला मीटर दाखवायला नेतात. दुपारी आपल्या गच्चीवरची वीज उलट बाहेर जाते, हे ते अशा आवाजात सांगतात जणू ती त्यांनीच ढकलून पाठवली आहे. बिल आता इतकं लहान येतं की ते भिंतीवर लावावंसं वाटतं, लावत नाही एवढंच.

हॉलमधला एसी विकला. दुसरा आहे तिथंच आहे, त्याच्या रिमोटमध्ये अजून सेल नाहीत.

परवा तुमचा फोन यायच्या जरा आधी, तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायला वीज खात्याची माणसं शिडी घेऊन गल्लीत आली होती. एकानं आपल्या लिंबाच्या बुंध्याकडं बघून विचारलं, काका, हे सगळंच उतरवून देऊ का, तुम्हाला कटकट नको. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. बाहेर जाणार, तेवढ्यात आजोबा पायात चपला न घालताच अंगणात पोचले आणि शिडीला हात लावून उभे राहिले.

"तारेची फांदी तेवढी घे," ते म्हणाले. "बाकीला हात लावायचा नाय. आमचा एसी आहे तो."